डाव्या कानावरची चाळीस लेकरं

श्रावणापासून राहीबाईंनी डाव्या कुशीवर निजणं सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, की कुणा महाराजांनी सांगितलं म्हणूनही नव्हे. डावा कान उशीत दबला की त्यांना काहीच ऐकू येत नसे, आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज एका देवालाच ठाऊक होती.

मिरजगावपासून पाचेक किलोमीटरवर, हमरस्त्याला लागून उघड्या माळावर मतिमंद मुलांची एक निवासी शाळा आहे. दोन लांबट खोल्या, मधे पत्र्याचा हॉल, मागं स्वयंपाकघर, पुढं लोखंडी फाटक. आसपासचे लोक तिला माळावरची शाळाच म्हणतात. राहीबाई तिथं एकोणीस वर्षं काळजीवाहक होत्या. काळजीवाहक हा कागदावरचा शब्द. अंघोळी घालणं, भरवणं, पुसणं-धुणं, फिट आली की कुशीवर वळवून शेजारी बसणं, रडलं की पोटाशी धरणं, एवढं सगळं त्या एका शब्दात कोंबलेलं. मुलं त्यांना मावशी म्हणत. ज्यांना बोलता येत नसे ती पदर ओढत. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. कुणी त्यावरून हळहळलं की राहीबाई म्हणायच्या, "मला चाळीस हायत. तुला किती?"

ज्येष्ठापर्यंत त्यांच्या जोडीला जयाबाई होत्या. एकीनं अंघोळी घालायच्या तर दुसरीनं केस विंचरायचे, एकीनं निजायचं तर दुसरीनं जागायचं. जयाबाईंचं वय भरलं, नारळ-साडी घेऊन त्या गेल्या आणि त्यांची जागा रिकामी राहिली. "नवीन बाई येईल," मुख्याध्यापिका सुनीती मॅडम म्हणाल्या, "पण आधी पट बघतील. हजर मुलं पुरी चाळीस असली तर दोन बाया. एकोणचाळीस झाली की एकच."

"एका पोरानं काय एवढा फरक पडतोय वो?"

"कागदावर पडतो, राहीबाई."

त्याच श्रावणात त्यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पण जाताना उजव्या कानात पिठाची गिरणी चालू करून गेला. सारखी घरघर. मग हळूहळू गिरणीही बंद झाली, आणि त्या बाजूला काहीच उरलं नाही. राहीबाईंनी मोबाईल डाव्या हातात धरायला सुरुवात केली. बोलणाऱ्याच्या डावीकडं न राहता उजवीकडं उभं राहायचं, की आपला डावा कान त्याच्याकडं राहतो, हेही त्या शिकल्या. स्वयंपाकीण लंकाबाई एकदा म्हणाली, "अगं राहे, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. का बहिरी झालीस?"

"नामस्मरण करत हुते," राहीबाई म्हणाल्या. आणि देवाच्या नावानं आपण खोटं बोललो म्हणून रात्रीचं जेवल्या नाहीत.

कानाचं एवढं भय का, ते सांगितलं पाहिजे. त्या चाळिसांत पाच पोरं पळणारी होती. दार उघडं दिसलं की निघाली; कुठं ते त्यांनाही ठाऊक नसे. राहीबाईंनी त्यांच्या अंगावर घुंगरं बांधली होती. समर्थच्या करदोट्यात एक, करणच्या दोन, दोघी थोरल्या मुलींच्या पैंजणांत बारकी चांदीची, आणि अकरा वर्षांच्या ज्ञानेश्वरीच्या पायात राशीनच्या जत्रेतली पितळी, चांगली टपोरी तीन. ज्ञानेश्वरीला वाचा नव्हती. आपल्या पायातला आवाज हेच तिचं बोलणं. भूक लागली की ती एकदा पाय आपटायची, राग आला की सारखी आपटायची, आणि सकाळी राहीबाई दिसल्या की टाच वर करून नुसती थरथरवायची, ते तिचं हसणं. राहीबाई भाजी निवडता निवडता पाचही जणांचा ठावठिकाणा सांगायच्या. त्यांची शाळेची राखण डोळ्यांनी नव्हे, कानांनी चालायची. दोन कानांचा एक कान झाला, तेव्हा आवाज येतो हे कळायचं, पण कुठून येतो ते कळेनासं झालं.

त्यातच शाळेच्या मागच्या रानात कुणीतरी शेततळं काढलं. डबक्याएवढं नव्हे, चांगलं बिघाभर. चारी बाजूंनी काळा प्लास्टिकचा कागद, वर हिरवं गार पाणी. कुंपण अजून व्हायचं होतं. दसऱ्याच्या सुमाराला त्यात एक शेळी पडली. पोहता येत होतं तिला, पण कागदावरून खूर निसटत राहिले. लंकाबाई सांगायची, "लई येळ वरडत हुती गं. मग वरडायची थांबली." राहीबाईंना ते वरडणं ऐकूच आलं नव्हतं. त्या दिवशी त्या हॉलमध्येच होत्या.

दिवाळीला मुलं घरी गेली. दिवाळीनंतर शाळा भरते तेव्हा पट गळतो, हे दरवर्षीचं. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आईबाप पोरालाही बैलगाडीत घालून नेतात. म्हाताऱ्या आज्या म्हणतात, राहू दे की आता घरीच. एक्केचाळीस नावांपैकी चौतीसच परत आली. तुळशीचं लग्न झालं आणि पट तपासायला जिल्ह्याहून साहेब येणार असल्याचा फोन आला.

मग सगळी शाळा पोरं गोळा करायला निघाली. शिक्षक मोटारसायकलवर, मॅडम भाड्याच्या गाडीनं, राहीबाई एस.टी.नं. जामखेडकडच्या दोन वस्त्यांवर त्या स्वतः गेल्या. ज्ञानेश्वरीचे आईबाप कारखान्याकडं निघायच्याच बेतात होते, कोपीचं, म्हणजे फडावरच्या झोपडीचं सामान ट्रॅक्टरमध्ये चढलं होतं. आई म्हणाली, "मावशी, पोर नजरंसमोर ऱ्हाती तितं. तुमच्याकडं बाया किती हायत आता?"

राहीबाईंच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण त्यांनी सांगितलं, "हाय मी. आनि दुसरी येतीय. तुझी लेक आली की दुसरी येतीय बघ."

"तुमच्या भरवशावर देते."

ते शब्द घेऊन राहीबाई एस.टी.त बसल्या. ज्ञानेश्वरी खिडकीशी बसून अख्खा रस्ता टाच थरथरवत होती. अशी सहा पोरं आली आणि आकडा पुऱ्या चाळिसावर येऊन थांबला. एक्केचाळिसावं नाव दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, ते गेलंच.

तपासणीचा दिवस नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. राहीबाईंचा उपवास. पहाटे लक्ष्मीची घट-पूजा मांडून त्यांनी एकच मागणं मागितलं, "आई, दुसरी बाई दे. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पन एक धडका कान ह्या पोरांच्या उशाला दे."

देवाशी बोलताना माणसानं शब्द जपून वापरावेत, असं जुनी माणसं म्हणतात ते उगाच नाही.

नऊ वाजता मॅडमनी त्यांना बोलावलं. "राहीबाई, घुंगरं काढा सगळ्यांची. मागच्या खेपेच्या साहेबांनी शेरा मारला होता, मुलांना गुरांसारख्या घंटा बांधतात म्हणून."

"गुरांसारख्या?" राहीबाई म्हणाल्या. "मॅडम, तान्ह्या बाळाच्या पायात आई वाळा घालती, ती काय गुरं म्हनून? रांगत चुलीकडं गेलं तर कळावं म्हनून घालती."

"मला पटतंय हो. साहेबांना कोण पटवणार? दोन तासांचा प्रश्न आहे. आज आपल्याला शेरा नको, आपल्याला जागा हवीय. तुमच्यासाठीच हवीय ना?"

राहीबाईंनी घुंगरं सोडली आणि मिसरीच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत घातली. चौघांनी काही केलं नाही. ज्ञानेश्वरीनं मात्र पाय आपटला. आवाज आला नाही. तिनं खाली वाकून घोटा पाहिला, पुन्हा आपटला. मग राहीबाईंकडं अशी बघत राहिली, की त्यांनी मान फिरवली. एखाद्याची जीभ काढून डबीत ठेवावी तसं त्यांना झालं.

साहेब अकराला आले. जीप आत घ्यायला फाटक उघडलं. एरवी जे फाटक कडी-कुलपाशिवाय कधी राहत नसे, ते साहेबांच्या मान-पानात तसंच राहिलं. चाळीसही मुलं हॉलमध्ये सतरंजीवर ओळीनं बसवली होती. राहीबाई मुलींच्या ओळीत बसल्या आणि ज्ञानेश्वरीला त्यांनी उजव्या हाताशी घेतलं. एकोणीस वर्षांची सवय. पळणारं लेकरू उजव्या हाताशी असलं की पटकन धरता येतं. उजवा हात शाबूत होता. उजवा कान गेलाय, हे त्या एका क्षणी त्यांच्या ध्यानातून गेलं.

साहेब नाव घेत, मुलाकडं बघत, खूण करत. घाई नव्हती त्यांना. सतराव्या नावाला डावीकडच्या, मुलांच्या ओळीतल्या करणनं चड्डी ओली केली आणि हमसून रडायला लागला. राहीबाई त्याच्याकडं वळल्या. पुसलं, बदललं, गप्प केलं. पाच मिनिटं गेली असतील. परत वळल्या तर उजवा हात सतरंजीवर पडला.

जागा रिकामी होती. मागचं दार हातभर उघडं.

त्यांनी मॅडमना डोळ्यांनी खुणावलं. मॅडम दबकत जवळ आल्या, सगळं समजल्या आणि पांढऱ्या पडल्या. साहेबांचं बाविसावं नाव चाललं होतं. ज्ञानेश्वरी एकतिसावी.

मॅडम नेमक्या उजव्या कानाशी कुजबुजल्या. राहीबाईंनी तोंड फिरवून डावा कान पुढं केला. "लंकाबाईची नात आलीय ना स्वयंपाकघरात, रेश्मा. बसवा तिला इथं. फोटो पाच वर्षांपूर्वीचे आहेत, कळायचं नाही. मी शिपायाला मागं पाठवते शोधायला. दहा मिनिटांत मोजणी उरकेल."

दहा मिनिटं. राहीबाईंच्या डोळ्यांपुढं काळा कागद आला आणि त्यावरून निसटणारे खूर. दहा मिनिटं गप्प बसलं तर चाळीस भरतील, दुसरी बाई येईल, दुसरा कान येईल. आणि जिच्यामुळं तो येणार ती?

तेवीस, साहेबांनी नाव घेतलं.

राहीबाई उभ्या राहिल्या. "साहेब, मोजनी थांबवा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. बहिऱ्याला आपला आवाज किती मोठा लागतो ते कळत नाही, पत्रा दणाणला. "एक लेकरू गेलंय. समदी उठा. तळ्याकडं पळा."

साहेब भला माणूस असावा. त्यानं पेन फेकून दिलं आणि सगळ्यांच्या आधी तोच पळाला.

तळ्याच्या काठाला काळ्या कागदावर ओला पट्टा दिसला, कुणी घसरत गेल्यासारखा. पाण्यावर काही नव्हतं, पण हिरव्या पाण्यात वीतभर खालचंही दिसत नव्हतं. साहेबांचा ड्रायव्हर आसाराम कमरेला दोर बांधून उतरला. तीनदा बुडी मारली. तीनदा रिकाम्या हातानं वर आला. राहीबाई काठावर बसून नाव घेत होत्या, देवीचं की पोरीचं ते त्यांनाच कळत नव्हतं. आपण हाक मारू आणि उत्तराला पाय वाजेल, असं त्यांचं मन सारखं ऐकत होतं. वाजायला पायात होतं काय? ते तर डबीत होतं.

लंकाबाई धापा टाकत पोचली. "ह्यो पट्टा सकाळच्या कुत्र्याचा हाय गं, पानी प्यायला घसरलं हुतं, मी बघितलं. कुनीकडं गेली असंल बया? फाटकाकडनं जायाची तर मेंढरं आडवी..."

"कोनती मेंढरं?"

"आगं आत्ता न्हाई का फाटकापुढनं गेली? धनगराची. एवढी घुंगरं वाजत हुती, हॉलमदी ऐकू आली असतील की तुला."

राहीबाईंना ऐकू आली नव्हती; डाव्या कानाशी तेव्हा करण रडत होता. पण त्यांना लख्ख दिसलं. पायातला आवाज हरवलेली पोर, आणि फाटकापुढून चाललेला आवाजांचा कळप.

जीप हमरस्त्यावर दोन किलोमीटर गेली, तेव्हा पुढं ट्रक खोळंबून हॉर्न देताना दिसले. रस्ताभर मेंढरं, आणि मधोमध ज्ञानेश्वरी. गळ्यात घंटा असलेल्या म्होरक्या मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवून चालली होती, जशी जन्मभर त्याच वाटेनं चालत आली असावी. एका ट्रकचं पुढचं चाक तिच्यापासून चार पावलांवर होतं.

धनगरीण म्हणाली, "व्हय, आमी इचारलं कुनाची लेक हाय म्हून. बोलंच ना. म्हनलं पुढच्या गावात दावू. तुमाला पोरगी संबाळता येत न्हाई का वं?"

राहीबाईंनी पोरीचा हात धरून तिला जीपमध्ये बसवलं.

शाळेत परत आल्यावर साहेबांनी राहिलेली नावं घेतली. चाळीस भरली. राहीबाई ओसरीवर पोरीला मांडीत घेऊन बसल्या होत्या. साहेब येऊन त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहिले.

"मावशी, किती वर्षं झाली इथं?"

राहीबाई पोरीचे पाय पुसत होत्या.

"मावशी?"

"उपासाची हाय ती, साहेब," लंकाबाई घाईनं म्हणाली. "सकाळपासनं पोटात काय न्हाई. एकोनीस वर्सं झाली तिला."

साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते चालत डाव्या बाजूला गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी."

राहीबाईंनी चटकन वर पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यानंच त्या जास्त भ्याल्या.

पौषात एकाच पाकिटातून दोन कागद आले. पट पुरेसा असल्यानं दुसऱ्या काळजीवाहकाची जागा भरावी, हा एक. आणि राहीबाईंच्या कानांची नगरला तपासणी करावी, मुलांच्या अंगावर घुंगरू वा घंटा बांधू नये, हा दुसरा. तपासणीत मशीननं जे सांगायचं ते सांगितलं. मानधनावरची नोकरी, ती गेली; हरकत घ्यायला जागा नव्हती. त्यांच्या जागी कुणी यायचं ते मंजुरी आल्यावर. म्हणजे दोन जागा झाल्या आणि बाई पुन्हा एकच.

नवी बाई बेलापूरकडची, मनवा तिचं नाव. शिकलेली, हातानं मऊ, पोरांना लागलीच आवडली. तिच्याजवळ एक वही होती. दर तासाला मुलं मोजून ती आकडा लिहायची. राहीबाईंनी आठ दिवस तिला सगळं दाखवलं; कोण कशाला भितं, कुणाला गोळी गुळाच्या खड्यात द्यायची.

"घुंगरांचं तेवढं बघ, ताई," शेवटच्या सकाळी त्या म्हणाल्या.

"मावशी, लेखी मनाई आहे. आणि मी मोजते ना दर तासाला."

"तास लई मोठा असतोय, बाळा."

मनवा हसली. मुलांना कळू नये म्हणून राहीबाई मागच्या दारानं निघाल्या. कुणाचा निरोप घेतला नाही, कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पिशवी खांद्याला लावली. तीत दोन लुगडी, पोथी, देवीचा फोटो आणि ती डबी. फाटकाची कडी बाहेरून हात घालून जेवढी लागते तेवढी लावली आणि हमरस्त्यावर थांब्याच्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. एस.टी. लांबून दिसायला लागली होती.

गाडी थांबली. दारात पाय ठेवला तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मावशी, ती पोरगी तुमच्याच संगट हाय न्हवं? लांबनं बघतोय, तुमच्या मागं मागं आली. का सोडून चाललाय?"

राहीबाई वळल्या. रस्त्याच्या पलीकडं ज्ञानेश्वरी उभी होती, अनवाणी. मधून ट्रक गेला आणि ती दिसेनाशी झाली. ट्रक गेला आणि पुन्हा दिसली. तिची नजर राहीबाईंच्या तोंडाकडं नव्हती, पिशवीकडं होती. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. पिशवी उजव्या खांद्याला होती. शाळेपासून इथवर प्रत्येक पावलाला डबीत घुंगरं वाजत आली असणार, कानाला लागून, आणि त्यांना पत्ता नव्हता.

एस.टी.नं वाट पाहिली नाही.

पोरीचा हात धरून त्या परत आल्या. फाटकाची कडी सुटलेली होती. मनवा हॉलच्या पायरीवर समर्थला भात भरवत होती. शेजारी वही उघडी. दहा वाजता, चाळीस, खाली सुवाच्य सही. भिंतीवरच्या घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

मनवानं आधी राहीबाईंकडं पाहिलं, मग पोरीकडं, मग वहीकडं. तिच्या हातातला घास तसाच राहिला.

राहीबाईंनी पिशवीत हात घातला. त्यांनी डबी काढली आणि त्या आकड्यावर ठेवली. मनवानं घास ताटात परत ठेवला. मग तिनं मॅडमच्या खोलीकडं पाहिलं, पुन्हा डबीकडं पाहिलं. मागच्या रानात शेततळ्याचा काळा कागद उन्हात चमकत होता. कुंपण अजून झालं नव्हतं.

दुसरी एस.टी. दोनला होती. राहीबाई फाटकाच्या आतल्या दगडावर बसल्या, डावा कान शाळेकडं करून.